बापाचेही पथ्य

घरात पाळणा हलणार हे कळताच आपण मातेला पथ्य सांगतो. बापाला कोणी सांगत नाही. बंधूंनो, हा न्याय आहे काय? बापाच्या बिडीचा धूर गर्भवतीच्या श्वासात जातो आणि बाळ अडीच किलोहून कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी आहे. पण घराच्या उंबरठ्याआत तो कायदा येत नाही, तेथे शीलच लागते. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी मद्यपानाचे सहा दुष्परिणाम सांगितले. त्यांत धनहानी, कलह आणि रोग आहेत. गुत्त्यावर जाणारा पैसा मातेच्या दुधा-डाळीचा आहे. पाचवे शील नुसते वंदनेत म्हणून भागणार नाही. बाळाला प्रथम उचलणाऱ्या हातांना बिडीचा वास नसावा, एवढा निश्चय आजच करा.