मालक नसलेल्या मंचावर जबाबदार कोण?

समाजमाध्यमांवरील आपले बोलणे आज परक्याच्या वाड्यात भाड्याने राहते. मालकाने दार लावले की लिहिलेले शब्द आणि जोडलेली माणसे आतच राहतात. मराठीसह अनेक भारतीय भाषांत चालणारे 'कू' जुलै २०२४ मध्ये बंद झाले, तेव्हा तेथील मराठी मंडळींचे बिऱ्हाड असेच मोडले.

या परावलंबनावर उपाय म्हणून विकेंद्रित समाजमाध्यमांची कल्पना पुढे आली आहे. २०१६ मध्ये सुरू झालेले 'मॅस्टोडॉन' हे तिचे ठळक उदाहरण. त्याचा एकच धनी नाही. अनेक व्यक्ती व संस्था आपापले सर्व्हर चालवितात आणि जानेवारी २०१८ मध्ये प्रमाणित झालेल्या 'अ‍ॅक्टिव्हिटीपब' या सामाईक नियमावलीमुळे ते परस्परांशी जोडले जातात. २० जानेवारी २०११ पासून देशभर मोबाईल क्रमांक न बदलता कंपनी बदलता येऊ लागली. काहीसे तसेच, येथे आपले अनुयायी सोबत घेऊन दुसऱ्या सर्व्हरवर जाता येते. जुने लिखाण मात्र मागे राहते.

हे स्वातंत्र्य मोलाचे आहे, यात शंका नाही. पण धनी नाही म्हणजे आवरणाराही नाही काय?

आमच्या येडशीवरून जाणारा महामार्ग धुळ्याला पोहोचतो. त्या जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. एका कंपनीच्या एका निर्णयाने कोट्यवधी हात आवरले गेले. विकेंद्रित व्यवस्थेत असा एक निर्णय सर्वांवर बंधनकारक करता येत नाही. प्रत्येक सर्व्हरचे नियम वेगळे. शिवाय आपण पुसलेला मजकूर दुसऱ्या सर्व्हरवर शिल्लक राहू शकतो.

मुस्लिम समाजाला ही रचना अनोळखी नाही. हजरत उस्मान (रजि.) यांनी पवित्र कुरआनच्या प्रती निरनिराळ्या शहरांना पाठविल्या आणि गावोगावच्या हाफिजांनी तो हृदयात जपला. हदीसचे ज्ञानही कोणा एका दरबाराच्या तिजोरीत नव्हते. ते माणसाकडून माणसाकडे गेले. मात्र प्रत्येक कथनासोबत सनद, म्हणजे सांगणाऱ्यांच्या नावांची साखळी असे. विद्वान त्या साखळीतील एकेका कडीची सचोटी आणि स्मरणशक्ती पारखीत. एक कडी कच्ची निघाली, तर कथन दुर्बल ठरे. जेथे एक पहारेकरी नव्हता, तेथे प्रत्येक कडीला पहारेकरी व्हावे लागले.

सूरह अल-हुजुरातच्या सहाव्या आयतीत दुराचारी माणसाने आणलेल्या वार्तेची शहानिशा करण्याचा आदेश आहे, जेणेकरून अजाणतेपणी कोणाला इजा होऊन नंतर पश्चात्तापाची पाळी येऊ नये. हा आदेश कोणा मंचचालकाला नव्हे, श्रद्धावंतांना आहे. नवी नियमावली आपल्याला मालकापासून मुक्त करील. अल्लाहसमोरील जाबापासून नव्हे. उलट, मधला मालक हटला की 'त्यांनी रोखले नाही' ही सबबही उरत नाही.

म्हणून संदेश पुढे धाडण्यापूर्वी घरातील थोरामोठ्यांनी मुलांसमक्ष दोन प्रश्न विचारावेत: हे मुळात कोणी सांगितले? आणि ते खोटे ठरले तर कोणाला इजा होईल? पहिल्याचे उत्तर नसेल, तर तो संदेश आपल्यापाशीच थांबावा.

अल्लाह आपल्या जिभेला आणि बोटांना सत्याची अमानत सांभाळण्याचे बळ देवो. आमीन.