यंत्र सुरू असताना ‘मी’ कोण?

नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २००४ साली पार्किन्सन्सच्या एका ६२ वर्षांच्या रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. मेंदूत बसवलेले विद्युत-यंत्राचे इलेक्ट्रोड सुरू असले की तो हिंडूफिरू शके, पण त्याला उन्माद चढे. वागण्याला धरबंद राहिला नाही, कर्ज वाढत गेले. यंत्र बंद केले की मन ताळ्यावर येई, शरीर मात्र अंथरुणाला खिळे. औषधांनी उन्माद आवरेना. शेवटी यंत्र बंद करून, भानावर असलेल्या त्या माणसालाच विचारले गेले. त्याने यंत्र सुरू ठेवून मनोरुग्णालयात राहणे पसंत केले.

यातला खरा माणूस कोणता?

पार्किन्सन्समध्ये मध्यमेंदूतल्या डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात, त्यातून कंप सुटतो. १९८७ साली फ्रान्समध्ये ग्रेनोबलला आलिम-लुई बेनाबिद यांना दिसले, की मेंदूतल्या थॅलॅमस या भागात वेगवान विद्युत-स्पंदने सोडली तर कंप थांबतो. १९९३पासून तिथेच त्याखालच्या सबथॅलॅमिक केंद्रकावर हा उपचार होऊ लागला. गळपट्टीच्या हाडाखाली बसवलेले यंत्र सेकंदाला साधारण १३० स्पंदने पाठवते. केंद्रक जेमतेम काही मिलिमीटरचे, आणि त्यात हालचालीच्या मार्गांना लागूनच भावनांचे मार्ग जातात. त्यामुळे प्रवाह थोडा पसरला तरी स्वभावाला धक्का लागू शकतो. बहुतेक रुग्णांवर अशी टोकाची वेळ येत नाही. हात स्थिरावतो, गोळ्या कमी होतात, घास स्वतःच्या हाताने घेता येतो.

विजेने मनच बदलत असेल तर आत्म्याचे काय, हा प्रश्न श्रद्धावंताला अस्वस्थ करतो. गीतेच्या तेराव्या अध्यायात त्याला आधार सापडेल. तिथे इच्छा, द्वेष, सुख, दुःख, इतकेच काय बुद्धी आणि अहंकारही क्षेत्रात, म्हणजे शरीराच्या बाजूलाच मोजले आहेत. त्यांना जाणणारा क्षेत्रज्ञ वेगळा. यंत्राने क्षेत्र बदलले, एवढेच म्हणता येते.

पण एवढ्याने सुटका होत नाही. क्षेत्रज्ञ संमतीपत्रावर सही करत नाही. सही बुद्धी करते, आणि ती तर क्षेत्रातली, विजेच्या टप्प्यातली.

यंत्र बंद असतानाचा माणूस तेवढा अस्सल, असेही म्हणता येत नाही. त्या अवस्थेलाही आजाराने घडवलेले असते. डोपामाइन घटले की उमेद आणि इच्छाही मंदावतात. तरीही दोन्ही अवस्था निर्णयाच्या बाबतीत सारख्या नाहीत. भानावरच्या त्या माणसाला दोन्ही आयुष्ये दिसत होती, त्यांची किंमत कळत होती. उन्मादातल्याला स्वतःचा उन्माद दिसत नव्हता. म्हणून पहिल्याचा शब्द मानणे योग्य ठरते, मग त्याची निवड आपल्याला कितीही जड वाटो.

म्हणूनच शस्त्रक्रियेआधीच्या बोलण्यात कंप आणि बॅटरीबरोबर हाही विषय निघाला पाहिजे: स्वभाव बदललाच तर कोणता बदल चालेल, कोणता नाही, आणि प्रवाह कमी करा असे सांगण्याचा अधिकार घरात कोणाला असेल. ते रुग्णानेच, लेखी सांगून ठेवावे.