डोळे भरून आल्यावर

भीमसेन जोशींची अभंगवाणी ऐकताना, ज्यांनी कधी देवापुढे हात जोडले नाहीत त्यांचेही डोळे भरून येतात. भाविक म्हणतो, आतला देव जागा झाला. नास्तिक म्हणतो, ही सारी स्वरांची किमया. मला दोन्ही उत्तरे घाईची वाटतात, आणि त्याचे कारण गुजरातेतल्या बारडोलीजवळच्या हरिपुऱ्यात आहे.

फेब्रुवारी 1938 मध्ये तिथे सुभाषचंद्र बोसांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. ते सुरू होण्यापूर्वीच पंडित नारायण मोरेश्वर खरे हरिपुऱ्यात वारले. खरे विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. गांधीजींना आश्रमासाठी गवई हवा होता, म्हणून गुरूंनी त्यांना साबरमतीला धाडले. मैफली आणि बिदाग्या मागे टाकून या माणसाने सूत कातणाऱ्यांना, मुलांना, गळा नसलेल्यांनाही गायला शिकवले. त्यांनी सिद्ध केलेली ‘आश्रम भजनावली’ उघडून पाहावी. संस्कृत श्लोकांबरोबर गुजराती, हिंदी, मराठी पदे, आणि पदापाशी राग व ताल नोंदलेला. भक्ती आहे म्हणून बेसूर चालेल, ही सवलत पलुसकरांच्या शिष्याने कुणाला दिली नाही. तरी त्या प्रार्थनेत भारावून टाकणारे असे फार थोडे असणार. रोज पहाटे, रोज संध्याकाळी, तेच श्लोक आणि तीच माणसे.

1930 साली दांडीयात्रेच्या तोंडावर आश्रमात देवीची साथ आली आणि खऱ्यांचा लहान मुलगा दगावला. 12 मार्चला ते गांधीजींबरोबर चालू लागले. असे बळ एखाद्या रंगलेल्या मैफलीतून येत असेल, असे मला वाटत नाही. ते वर्षानुवर्षांच्या रोजच्या गाण्यातून साठत आले असावे.

संत ऑगस्टिनला शब्दांपेक्षा सुरानेच आपण अधिक हललो की अपराधी वाटे. ती भीती मला पटत नाही. सूर हलवतो हे त्याचे पाप नव्हे. इमाम गझाली अधिक जवळ जातो: हृदयात जे नाही ते संगीत आणून ठेवत नाही, जे आहे तेच ढवळते. मग मिरवणुकीत भिंतीएवढ्या स्पीकरांपुढे बेभान झालेल्या गर्दीत काय ढवळले जाते, हेही विचारायला हवे. भान हरपणे तिथेही खरेच असते.

बारडोलीच्या आसपासच्या आदिवासी गावांनी 1922 च्या अखेरीस असा अनुभव घेतला. अंगात देवी येऊ लागली. दारू-ताडी सोडा, रोज अंघोळ करा, असे ती सांगू लागली. गावेच्या गावे थरारली आणि दारूचे गुत्ते ओस पडले. पुढे लाट ओसरली, बरेच जण पुन्हा प्यायला लागले, काही मात्र कायमचे सुटले. थरार दोघांचाही सारखाच होता. म्हणून धार्मिक भाव कुठे आहे हे मी त्या थराराच्या तीव्रतेवरून ठरवणार नाही. त्याने माणसाकडे काय मागितले आणि माणसाने ते किती दिवस दिले, यावरून ठरवीन. या कसोटीवर रोज प्रार्थनेला बसणारा नास्तिकही उतरू शकतो, आणि अभंगाला रडून दुसऱ्या दिवशी विसरणारा भाविक उतरत नाही.

ज्यांना मैफलीत हा अनुभव आला असेल त्यांनी आपल्या गल्लीतल्या भजनी मंडळात आठवड्यातून एकदा जावे, बाजूला कोणीही बसलेले असो, आणि हातात टाळ घ्यावेत.