डोंगरमाथ्यावरचे पाच वॅट

इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमधला किंडर स्काउट अवघा 636 मीटर उंच. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला तो ठेंगणाच वाटेल. पण डिसेंबरात तिथे चारच्या आत सूर्य मावळतो, वारा हाडांपर्यंत शिरतो आणि माथ्यावरच्या पठारावरचा काळा चिखल गोठून दगडासारखा होतो. अशा दिवसांतही पाठीवरच्या पिशवीत छोटा रेडिओ घेऊन लोक तो डोंगर चढतात. हे हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम. 2002 सालच्या मार्चमध्ये ब्रिटनमध्ये ‘समिट्स ऑन द एअर’ हा उपक्रम सुरू झाला आणि नंतर अनेक देशांत पसरला. त्याचे नियम मला फार शहाणे वाटतात. गाडीने माथा गाठायचा नाही, जनरेटर वापरायचा नाही, आणि वरून निदान चार वेगवेगळ्या केंद्रांशी संपर्क झाला तरच त्या डोंगराचे गुण मिळतात.

हातातल्या संचाची ताकद साधारण पाच वॅट, एखाद्या एलईडी बल्बाइतकी. 145 मेगाहर्ट्झच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे पृथ्वीची गोलाईच त्यांच्या आड येते. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून 4.12 ने गुणलं, की लहरींचं क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते कळतं. सपाटीवर उभ्या माणसाच्या हातातल्या संचासाठी ते जेमतेम सहा किलोमीटर. किंडरवरून शंभराच्या पुढे. यंत्र तेच आणि बॅटरीही तीच. जे वाढलं ते पायांनी कमावलेलं. म्हणूनच गाडी वर्ज्य करण्याचा नियम मला या खेळाचा कणा वाटतो.

माथ्यावर पोचल्यावर काय चालतं ते जवळून पाहावं. थंडीत लिथियमची बॅटरी लवकर मान टाकते, म्हणून ती जाकिटाच्या आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवलेली असते. बॉलपेनची शाई घट्ट होते, म्हणून वहीला दोरीने पेन्सिल बांधलेली. हातमोजा काढल्याशिवाय बटण नीट दाबता येत नाही, आणि काढला की बोटं बधिर होतात. ‘सीक्यू’ अशी हाक जाते. ती कुणा एकासाठी नसते. ज्याला ऐकू येईल त्याच्यासाठी असते. मग बटण सोडून ऐकायचं. उत्तर आलं तर दोघं एकमेकांना आपापलं कॉलसाइन आणि समोरच्याचा आवाज किती स्पष्ट येतो त्याचे आकडे सांगतात. अर्ध्या मिनिटात सगळं आटोपतं. मजकूर म्हणावा असं त्यात जवळजवळ काहीच नसतं. पण दोघांनीही एकमेकांचं ऐकल्याची पोच दिल्याशिवाय तो संपर्क धरला जात नाही.

खिशात मोबाइल असताना हा खटाटोप कशाला, असं लोक विचारतात. फोनवर आपण ऐकणाऱ्याला गृहीत धरतो. इथे तो असेलच असं नाही. ओ देण्याचं बंधन कुणावरच नाही, आणि तरीही कुणीतरी देतं. मला या छंदातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते.

या छंदाच्या इतिहासातही ऐकणाऱ्याची कामगिरी मोठी आहे. 1921 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या हॅम मंडळींनी पॉल गॉडली या आपल्या माणसाला स्कॉटलंडला धाडलं. आर्ड्रोसन गावाजवळ, समुद्रकाठच्या पावसावाऱ्यात, तंबू ठोकून तो रात्र रात्र कानाला हेडफोन लावून बसला. दोनशे मीटरच्या आसपासच्या लहरी लांब पल्ल्याला निरुपयोगी म्हणून हौशी लोकांना देऊन टाकलेल्या होत्या. त्याच लहरींवरून अटलांटिक ओलांडून आलेले अमेरिकी हॅमचे संकेत त्याने टिपले. महासागरापलीकडून पाठवणाऱ्यांचं कौतुक झालं ते योग्यच. पण तंबूतला तो माणूस नसता तर त्यांचं बोलणं पोचलं हे कुणाला कळलं असतं?

म्हणून ‘समिट्स’च्या नियमांतली एक गोष्ट मला खटकते. हिवाळ्यात उंच डोंगरांना तीन जादा गुण मिळतात, पण ते फक्त चढणाऱ्याला. खाली घरात बसलेल्याला थंडी वाजत नाही, हे मान्य. पण तीन संपर्क झाले आहेत, चौथा होत नाही, अंधार पडायला तासभर उरला आहे आणि उतार गोठलेला आहे, अशा वेळी वरचा माणूस उजेडात खाली येईल की नाही हे बरंचसं खालच्यावर अवलंबून असतं. कामाच्या दिवशीही दुपारभर संच चालू ठेवून जो कान देतो, त्याच्या खात्यात त्यातला एक तरी गुण जमा व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे.