सुट्टीतले छोटे आनंद : संपणारे आणि उरणारे



डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की आपल्या रांझीचे रूप बदलते. व्हेईकल फॅक्टरी, खमरियाची आयुधनिर्माणी, गन कॅरेज फॅक्टरी यांच्या पाळ्यांवर ज्या वस्तीचे घड्याळ चालते, तिथे २५ तारखेच्या सकाळी स्कूटर निवांत अंगणात उभ्या असतात. पुणे, नागपूर, बेंगळुरूला नोकरीसाठी गेलेली मुले चार दिवस घरी येतात. दोन माणसांच्या घरात अचानक सहा-सात पाने वाढली जातात.

गेल्या वर्षी याच दिवसांत सत्संग संपल्यावर एका काकूंनी विचारले, "ताई, मुलं येतात, घर भरतं. गेली की तेच घर खायला उठतं. तुम्ही म्हणता, कशात गुंतू नका. मग मुलं आल्यावर आनंद मानायचाच नाही का?"

हा प्रश्न एकट्या काकूंचा नाही. नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्र सोडून इथे स्थायिक झालेल्या अनेक घरांचा आहे. त्या घरांतली पुढची पिढी आता आणखी दूर गेली आहे. म्हणून आज या प्रश्नाचाच विचार करू.

आनंद वस्तूत की मनात?

थंडीत जबलपूरचा मटार बाजारात येतो. गच्चीवर कोवळे ऊन असते, चटई टाकलेली असते, मध्ये शेंगांचा ढीग. आजी सोलते, नातू निम्मे दाणे तोंडात टाकतो. गप्पा कुठून कुठे जातात. तासभर कोणाला मोबाइल आठवत नाही. त्या तासाला खर्च किती आला? पाव किलो मटाराचाही नाही. तरी ते सुख मोठ्या हॉटेलच्या जेवणात का मिळत नाही?

तैत्तिरीय उपनिषदाच्या आनंदवल्लीत याचे उत्तर आहे. ऋषी आनंद मोजायला निघतात. तरुण, सदाचारी, विद्वान, बलवान आणि साऱ्या पृथ्वीच्या संपत्तीचा धनी अशा माणसाचे सुख, हे त्यांचे पहिले माप. मग गंधर्व, पितर, देव अशी शंभर-शंभर पटींची चढण येते. परंतु वरच्या प्रत्येक पायरीवर ऋषी थांबून सांगतात की, कामनेचा स्पर्श नसलेल्या ज्ञानी पुरुषाला हा आनंद आधीच लाभलेला असतो.

आपण काही ज्ञानी नाही. पण गच्चीवरच्या त्या तासात मनाने काहीच मागितले नव्हते. मागणे थांबले आणि आत असलेल्या आनंदाची एक झुळूक बाहेर आली. मटार केवळ निमित्त. छोट्या आनंदाला तुच्छ समजू नका, कारण तो मोठ्या आनंदाच्या घराचा पत्ता सांगतो.

रिकामी न परतणारी ताटली

आमच्या गल्लीत एक ख्रिस्ती कुटुंब आहे. नाताळला त्यांच्याकडून केकची ताटली येते. ती आम्ही कधी रिकामी परत करत नाही. कधी रव्याचे लाडू, कधी मटारच्या करंज्या जातात. दिवाळीत हाच प्रवास उलट दिशेने होतो. देवाचे नाव वेगळे आणि प्रार्थनेची जागाही वेगळी, पण ताटली एकच!

रिकामे भांडे परत करू नये, हे आपल्या आजीने शिकवलेले साधे वळण. त्यात धर्माचे मर्म आहे. मिळालेला आनंद स्वतःजवळ थांबवला की शिळा होतो, पुढे दिला की ताजा राहतो.

पाहणे आणि पकडणे

सुट्टीत भेडाघाटला गर्दी होते. धुवांधारपाशी नर्मदामाई धुराचे लोट उठवत कोसळते. अंगावर तुषार येतात. आपल्यापैकी कित्येकजण मात्र तिच्याकडे पाठ करून फोटो काढण्यात गुंतलेले असतात. फोटो काढणे वाईट नाही. पण क्षण पकडून ठेवण्याच्या धडपडीत तो पाहायचा राहून जातो. नर्मदेला कोण पकडून ठेवणार? ती वाहते म्हणून तर नर्मदा आहे.

काकूंच्या प्रश्नाचे उत्तर इथे सापडते. मुले आल्याचा आनंद म्हणजे आसक्ती नव्हे. आसक्ती वेगळीच असते. मुले दारात पाऊल ठेवतात आणि मन मोजू लागते, "आता तीनच दिवस राहिले." ते मोजणे आलेले दिवसही हिरावून नेते. मुले समोर जेवत असतात आणि आपण मनाने स्टेशनवर निरोप देत उभे असतो.

निरोपाच्या वेळी डोळे भरून आले, तर साधना कमी पडली असे समजू नका. ते प्रेम आहे. प्रश्न एवढाच की, ते प्रेम दार लावून रडत बसते की कोणाच्या तरी दाराशी जाते?

एका नाताळची रात्र

श्रीरामकृष्णांनी ऑगस्ट १८८६ मध्ये देह ठेवला. त्यांचे तरुण शिष्य पोरके झाले. त्याच वर्षी डिसेंबरात नरेंद्र, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, आणि काही गुरुबंधू बंगालमधील आँटपूर गावी गेले. बाबूराम या गुरुबंधूच्या आईचे ते घर. एके रात्री उघड्या आकाशाखाली धुनी पेटवून सारे बसले होते. ध्यान झाले. नरेंद्र येशूच्या त्यागाबद्दल बोलू लागले. त्या धुनीच्या साक्षीने सर्वांनी संन्यासाचा संकल्प केला. ती नाताळची पूर्वसंध्या होती, हे त्यांच्या नंतर लक्षात आले.

विचार करा. थंडीची रात्र, शेकोटी, जिवलग सोबती आणि एका आईच्या हातचे जेवण. आपल्या सुट्टीत असते तेच सारे तिथे होते. मनात तर गुरूच्या वियोगाचे दुःख होते. परंतु त्या उबेचा त्यांनी संकल्प केला, म्हणून ती शेकोटीबरोबर विझली नाही.

आपण काय करावे?

आपल्याला घर सोडायचे नाही. या आठ दिवसांपुरती तीन सोपी पथ्ये पाळू या.

१. रोज एक जेवण सर्वांनी मिळून, मोबाइल दूर ठेवून करावे. पहिल्या घासाआधी क्षणभर डोळे मिटून कृतज्ञता व्यक्त करावी.

२. रात्री झोपण्यापूर्वी त्या दिवशीचा एक छोटा आनंद आठवावा. "तो क्षण आला तेव्हा मी काही मागत होतो का?" असे स्वतःला विचारावे.

३. मुले परत गेल्यावर दुसऱ्याच दिवशी, सुट्टीत ज्या घरी कोणीच आले नाही त्या घरी जावे. आपल्या वस्तीत निवृत्त, एकटी माणसे आहेत. डब्यात मटारची उसळ न्यावी आणि तासभर बसावे. उपदेश करू नये, फक्त ऐकावे.

तिसरे पथ्य सर्वांत अवघड वाटेल, कारण त्या दिवशी आपलेच मन जड असते. पण आपले घर खायला उठते म्हणजे काय, हे ज्याला कळले आहे, त्यालाच दुसऱ्याच्या रिकाम्या घराची भाषा कळते. आपले दुःख अशा वेळी सेवेची पात्रता बनते.

हे नर्मदामाई, जे आले त्याचे स्वागत करण्याचे मन दे, जे जाईल त्याला आशीर्वाद देण्याचे बळ दे, आणि आमच्या दारातून कोणाचीही ताटली रिकामी परत जाऊ देऊ नकोस.