खेळातली शपथ

गेल्या वर्षी आश्विनात मी माझ्या व्याह्यांचे व्हेनिस घेतले.

वाचकांनी दचकू नये. माझे व्याही अकोल्याला राहतात, मी अमरावतीला. दोघेही निवृत्त, दोघांनाही मधुमेह, आणि व्हेनिस दोघांपैकी कोणीही पाहिलेले नाही. तरी त्या रात्रीनंतर अकोल्याहून येणारा रोजचा फोन बंद झाला. महिना लोटला तरी वाजला नाही. आमच्या सौभाग्यवतींनी मला विचारले, ‘‘काय केलंत तरी काय?’’ मी म्हणालो, ‘‘काही नाही, खेळात एक चाल केली.’’ हे उत्तर खरे होते. ते अपुरेही होते, हे मला त्याच क्षणी कळले होते. आणि ती अपुरी बाजू शोधण्यासाठीच हा लेख लिहायला बसलो आहे.

आधी खेळाविषयी सांगितले पाहिजे. त्याचे नाव डिप्लोमसी. ॲलन कॅलहॅमर नावाच्या एका अमेरिकन तरुणाने तो १९५४ साली रचला आणि १९५९ साली पदरमोड करून त्याच्या पाचशे प्रती काढल्या. पट म्हणजे पहिल्या महायुद्धापूर्वीच्या युरोपचा नकाशा, खेळणारे सात, आणि प्रत्येकाकडे एक एक राज्य: इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया, रशिया, तुर्कस्तान. नकाशावर चौतीस ठाणी आहेत. ज्याच्याकडे अठरा जमतील तो जिंकला. फासे नाहीत, पत्ते नाहीत, दैवाला कुठे शिरायला जागाच नाही. सगळ्यांच्या फौजा सारख्या ताकदीच्या असतात, म्हणून शेजाऱ्याची फौज हलवायची तर दुसऱ्या फौजेचा पाठिंबा लागतो. स्वतःच्या बळावर माणूस फार दूर जात नाही. कोणाशी तरी बोलावेच लागते. बोलणी झाली की प्रत्येकाने आपापल्या चाली गुपचूप लिहायच्या आणि सगळ्यांच्या एकदम उघडायच्या. तुम्ही काय कबूल केले होते याला नियमांत काडीचीही किंमत नाही. तुम्ही काय लिहिले तेवढेच घडते.

१९६३ पासून लोक हा खेळ टपालाने खेळू लागले. मौज अशी की कॅलहॅमर स्वतः पुढे टपाल वाटण्याच्या नोकरीत होता. आता पोस्टकार्डांची जागा इंटरनेटने घेतली आहे. जगाच्या सात कोपऱ्यांतली सात माणसे एका पटाशी बसतात, एकेका चालीला एक-दोन दिवस मिळतात, आणि एक डाव महिनोन् महिने चालतो.

आम्हाला त्याची गोडी लागली ती २०२० च्या टाळेबंदीत. अमरावती ते अकोला हे अंतर ते किती! एरवी बडनेऱ्याला गाडीत बसावे, मूर्तिजापूर येईतो डबा संपवावा आणि चहाच्या वेळेला व्याह्यांच्या ओसरीवर असावे. पण त्या वर्षी जिल्ह्याची हद्द म्हणजे सरहद्द झाली होती. जावयांनी आम्हा दोघा म्हाताऱ्यांना हा खेळ शिकवून दिला, बहुधा आमची बडबड त्यांच्या कानांपासून दूर राहावी म्हणून. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. आमचे इवाई जिनिंगमध्ये हिशेबनीस होते. सगळा जन्म कापसाच्या बाजारात गेला. बोलायला फटकळ, पण हिशेबात पैचा घोळ नाही.

गेल्या वर्षीच्या डावात ते इटली होते आणि मी ऑस्ट्रिया. बाकीचे पाच परके. आम्ही एकमेकांचे व्याही आहोत हे त्यांना आरंभीच सांगून टाकले होते. या खेळात ऑस्ट्रियाचे ट्रिएस्ट आणि इटलीचे व्हेनिस यांची भिंत एक आहे. दोघांनी एकमेकांवर विश्वास ठेवला तर दोघेही वाढतात, न ठेवला तर दोघेही त्या भिंतीला टेकून बसून राहतात. आम्ही दोन वर्षे (पटावरची) सुखाने नांदलो. मग त्यांनी तुर्कस्तानावर जायचे ठरवले. त्यासाठी व्हेनिसची फौज हलवावी लागणार होती. हिशेबनीस माणूस, घाबरला. रात्री साडेअकराला निरोप आला: ‘‘इवाईबुवा, म्या इकडं घर उघडं टाकून जातो. मागून येनार त नाही ना तुमी?’’

मी उत्तर लिहिले, ‘‘लेकीची शपथ. माझी लेक तुमच्या घरात आहे, आणि मी तुमच्या घरात शिरेन?’’

त्यांची फौज गेली. पुढच्या चालीला मी व्हेनिसमध्ये शिरलो.

आता लिहिताना लाज वाटते, पण त्या रात्री मला फार आनंद झाला होता हेही लपवीत नाही. आयुष्यभर मुलांना नागरिकशास्त्र शिकवलेला मी सरळमार्गी मास्तर, आणि काय बेमालूम डाव साधला! अर्थात पुढे तो डाव जिंकला भलत्याच माणसाने. फिनलंडमधला कोणी विद्यार्थी रशिया खेळत होता. आम्ही दोघे एकमेकांची घरे लुटत असताना तो निवांत येऊन दोघांचीही घेऊन गेला.

इवायांचा त्या वेळी एकच फोन आला, चाली उघडल्या त्या रात्री. ते संतापले नव्हते. त्यामुळेच तो जड गेला. म्हणाले, ‘‘बाजारात भाव सांगताना मानूस खोटं बोलते, भाऊ. मीही बोललो. पन हातात हात देल्ल्यावर नाही बोलत.’’ आणि ठेवता ठेवता, ‘‘तुमचा शब्द म्हंजे नागपूर करार झाला बाप्पा.’’

हा टोला वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांना कळणार नाही. आमच्या भागात लहान मूल दोन करारांची गोष्ट ऐकत मोठे होते. पहिला अकोल्याचा, ऑगस्ट १९४७ चा. स्वातंत्र्य आठवड्यावर आले होते आणि पश्चिम महाराष्ट्राच्या व महाविदर्भाच्या पुढाऱ्यांनी अकोल्यात बसून ठरवले की एकच प्रांत करावा, पण त्यात दोन्ही भागांचे उपप्रांत असावेत. त्यातले ते उपप्रांत कागदावरच राहिले. दुसरा नागपूरचा, २८ सप्टेंबर १९५३ चा. खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावा, नोकऱ्यांत वाटा मिळावा, विधिमंडळाचे वर्षातून एक अधिवेशन नागपुरास भरावे. अधिवेशन आजही भरते, हुरड्याच्या दिवसांत. बाकीचे कितपत पाळले यावर आमच्या पारांवर अजून रात्री जागतात. १९८४ साली दांडेकर समितीला अनुशेष मोजावा लागला तो उगीच नव्हे, असे इवायांचे मत. कोणी कोणाला फसवले याचा निवाडा मी येथे करीत नाही. त्या भांडणात एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात राहिली आहे: तक्रार करणारे रुपयांचा हिशेब सांगतात, पण आवाज चढतो तो ‘शब्द दिला होता’ या तीन शब्दांवर.

फोन झाल्यावर मी माझी बाजू मनाशी मांडू लागलो, आणि ती लंगडी नव्हती. ज्या खेळात थाप मारणे ही चाल आहे तिथे थाप मारली म्हणून रागावणे म्हणजे कबड्डीत पाय धरला म्हणून रागावणे. बुद्धिबळात आपण हत्तीवर डोळा ठेवून प्याद्याकडे पाहतो. ते पाहणेही खोटेच की! शिवाय महाभारतात शर्मिष्ठा ययातीला बजावते की थट्टेत, लग्नकार्यात, प्राणावर बेतले असता बोललेले खोटे पाप होत नाही. खेळ हा थट्टेचाच भाऊ, आणि व्याह्यांचे नाते म्हटले तर लग्नकार्यातलेच. दोन सवलती एकदम! आठवडाभर मी या युक्तिवादाच्या उबेत बसलो होतो.

त्या उबेतून मला बाहेर काढले ते आमच्याच गावच्या एका जुन्या माणसाने. कौंडिण्यपूर आमच्या जिल्ह्यात, वर्धेच्या काठी. ते रुक्मिणीचे माहेर. कृष्णाने तिला नेले ते अमरावतीच्या अंबेच्या देवळातून, असे आम्ही मानतो. तिचा भाऊ रुक्मी. कृष्णाला मारून बहिणीला परत आणीन, नाहीतर कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही, असा त्याने पण केला, हरला, आणि खरोखरच परतला नाही. भोजकट नावाचे नवे नगर वसवून तिथेच राहिला. भातकुली म्हणजेच ते भोजकट असे लोक सांगतात. इतका शब्दाचा पक्का माणूस! पुढे बहिणीचे मन राखायला त्याने कृष्णाच्या घराशी सोयरीकही केली. नातीच्या लग्नात वऱ्हाड भोजकटात उतरले असता तो बलरामाशी द्यूत खेळायला बसला. पहिले डाव त्याने सरळ जिंकले. मग बलराम जिंकला, तर हा म्हणतो, मीच जिंकलो. पुन्हा बलराम जिंकला, पुन्हा तेच. आकाशवाणीने साक्ष दिली तरी ऐकेना, उलट ‘तुम्ही गुराखी, तुम्हाला फासे काय कळणार’ म्हणून हसला. बलरामाने परिघ उचलला आणि भर लग्नमंडपात व्याह्याचा जीव घेतला. भागवतात पुढे आहे ते मला सर्वांत बोलके वाटते. कृष्ण तिथे होता, पण बरे झाले म्हणाला नाही की वाईट झाले म्हणाला नाही. एकीकडे भाऊ, दुसरीकडे बायको.

ही कथा मी लहानपणापासून शंभरदा ऐकली असेल. या वेळी प्रथमच मनात आले की ज्याने जन्मभर पण पाळला तो फाशांपुढे खोटे का बोलला? त्याला ते खोटे वाटलेच नसावे. खेळच तर आहे! प्रतिज्ञा निराळी, डाव निराळा. मराठी भाषा मात्र या दोहोंत भेद करीत नाही. प्रतिज्ञा करतो तोही पण, आणि डावावर लावतो तोही पणच. ‘पणाला लावणे’ म्हणताना आपण नकळत कबूल करतो की खेळात काहीतरी खरे ठेवावे लागते, त्याशिवाय डाव मांडला जात नाही.

मग माझे काय पणाला लागले होते? ऑस्ट्रियाची फौज? ती लाकडाचीसुद्धा नव्हती, पडद्यावरचा ठिपका होता. ऑस्ट्रियाचा शब्द? तो मोडायला मुभा होती, आणि इवायांनाही ती ठाऊक होती. ऑस्ट्रियाच्या शब्दावर त्यांनी व्हेनिस कधीच उघडे टाकले नसते. म्हणूनच तर मला दुसरे काहीतरी काढावे लागले. पटावर माझी पत कमी पडली तेव्हा मी घरातून उसनी आणली.

हे मला माझ्या शहाणपणाने उमगले नाही. लेकीचा फोन आला होता. सासरे गप्प का, याचा तिने छडा लावला होता, निरोप वाचले होते. रागावली नाही. एवढेच म्हणाली, ‘‘बाबा, खेळा तुम्ही खुशाल. पण मला लावताना मला विचारलं होतं का?’’ भरसभेत द्रौपदीने जो प्रश्न केला त्याला भीष्मालाही उत्तर सापडले नव्हते. मी तर नागरिकशास्त्राचा मास्तर.

मागाहून कळले की या खेळातल्या मुरलेल्या मंडळींचाही दंडक असाच आहे. पटावर हवे तितके दगे द्या, कोणी बोट दाखवणार नाही. पण पटाबाहेरचे नाते, मैत्री, देणेघेणे पटावर आणाल तर पुन्हा कोणी जवळ बसवून घेणार नाही. पाच परक्यांना आमचे नाते ठाऊक होते, त्यांनी ते चालवून घेतले होते, आणि मी नेमके तेच वापरले. दगा हा माझा गुन्हाच नव्हता. गुन्हा त्याच्या आदल्या रात्रीचा, शपथ घेतली तेव्हाचा. ती शपथ मी पाळली असती तरीसुद्धा तो घडलेलाच होता.

२०२२ साली एका अमेरिकन कंपनीने हा खेळ खेळणारे यंत्र केले आणि त्याला सिसेरो नाव दिले. इंटरनेटवर माणसांबरोबर ते निनावी चाळीस डाव खेळले. एकाहून अधिक डाव खेळलेल्यांत वरच्या दहा टक्क्यांत आले. करणारे म्हणाले, हे यंत्र मुद्दाम दगा देत नाही. बोलते तेव्हा तसे करण्याचाच त्याचा बेत असतो. दुसऱ्या विद्वानांनी दोन वर्षांनी त्याचेच निरोप तपासून दाखवले की ते खोटेही बोलले होते. मला या वादात फारसा रस नाही. सिसेरो खरे बोलो वा खोटे, त्याला लेक नाही. पटाबाहेर त्याचे काही नसल्यामुळे माझा गुन्हा त्याच्या हातून होणे शक्य नाही, आणि इवायांनी माझ्यावर ठेवला तसला विश्वासही त्याच्यावर कोणी ठेवणार नाही. त्याच्याशी खेळणे अधिक सुरक्षित असेल. मला स्वतःला ते नको वाटते.

गेल्या पाडव्याला मी अकोल्याला गेलो. द्यूतप्रतिपदा ती, जुनी माणसे त्या दिवशी शकुनाचा एक डाव टाकीत. इवाई ओसरीवर बसले होते. मी म्हणालो, ‘‘व्हेनिसबद्दल काही म्हणत नाही. शपथेबद्दल चुकलो.’’ त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग आत बघून ओरडले, ‘‘अवो, इवायाले चहा आना, बिनसाखरेचा.’’ क्षमा केली असे त्यांनी म्हटले नाही, मीही विचारले नाही. चकलीचे ताट दोघांच्या मधोमध ठेवले गेले, आणि बोलणे कापसाच्या भावावर गेले.

या श्रावणात नवा डाव मांडला. मला रशिया आला आणि त्यांना तुर्कस्तान. म्हणजे पुन्हा शेजारी, मध्ये काळा समुद्र, आणि पहिल्याच चालीला त्यात कोण शिरतो यावर अर्धा डाव ठरतो. परके पाचजण बोलबोल बोलत आहेत. त्यांची पत्रेच्या पत्रे येऊन पडली आहेत. अकोल्याहून एकच ओळ आली आहे: ‘‘काळ्या समुद्रात मी येत नाही, तुमी येऊ नका. शपथबिपथ काही नको.’’

चाली लिहायला उद्या रात्री दहापर्यंत मुदत आहे.