वेळ पाळणारी संस्था

शेतीच्या विकासाचा विषय निघाला की बियाणं, खत, पाणी यांची चर्चा रंगते. संस्थांचं नाव शेवटी येतं, तेही कार्यालय आणि पदाधिकारी यांच्यापुरतं. शेतकऱ्याच्या लेखी मात्र संस्था म्हणजे अमुक गोष्ट अमुक वेळी होणारच, ही खात्री. ती असेल तर त्याला थांबता येतं. नसेल तर पडेल त्या भावाने माल द्यावा लागतो.

शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात भात हेच मुख्य पीक. उन्हाळ्यात राब भाजायचा, मृगात पेरायचं, आषाढात लावणी. हळवं भात दसऱ्याच्या आसपास हाती येतं, गरवं दिवाळीनंतर. पण घरातली कणगी त्याआधीच, आषाढ-श्रावणात, रिकामी होते. त्या दिवसांत उधार घेतलेल्या धान्याची फेड खळ्यावर होत असे. मळणी झाली, भात वारवलं, की राशीतला वाटा घरी जाण्याआधीच सावकाराच्या गोणीत. भाव ठरलेला असे श्रावणात, घासाघीस करण्याची ताकदच नसताना.

म्हणजे अडचणीच्या तारखा दोन आहेत: श्रावणातली भूक आणि कापणीनंतरची विक्री. राज्यातल्या आदिवासींसाठी आदिवासी विकास महामंडळ 1972 साली स्थापन झालं. 1978 पासून पावसाळ्यातल्या टंचाईसाठी खावटी कर्ज आलं. महामंडळाने एकाधिकार खरेदी केली, हमीभावाची केंद्रं चालवली. पहिल्या तारखेला खावटी, दुसरीला खरेदी. रचना अगदी नेमकी होती.

पण रचनेचा जीव वेळेत असतो. 2024-25 च्या हंगामात साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला 2300 रुपये होता. समजा, केंद्र उशिरा उघडलं, बारदान आलं नाही किंवा पैसे महिनोन् महिने अडकले. मजुरी आणि दुकानाची उधारी चुकवायला निघालेला माणूस भात व्यापाऱ्यालाच घालणार. तिथे हमीभाव कागदावर राहतो. सातबारावर नाव नसलेल्या कसणाऱ्याचं तर आणखी अवघड, कारण केंद्राला आधी उतारा लागतो.

वेळ पाळली तर काय घडतं, हे केनियातल्या चहात दिसतं. खुडलेलं पान काही तासांत कारखान्यात गेलं नाही तर वाया जातं, म्हणून चहा हे मोठ्या मळ्यांचंच पीक मानलं जाई. 1964 मध्ये तिथे लहान शेतकऱ्यांसाठी चहा विकास प्राधिकरण स्थापन झालं. गावोगाव संकलन केंद्रं, पान उचलायला गाड्या, दरमहा काही रक्कम, वर्षअखेर उरलेला हिशेब. आज देशातला निम्म्याहून जास्त चहा लहान शेतकरी पिकवतात. जमीन लहानच राहिली. शेतकऱ्याला भरवसा मिळाला.

असा भरवसा आपल्याकडे उभा राहत नाही, असं कुणी म्हणू नये. शहापूर तालुक्यातलं तानसा धरण 1892 चं आहे. तेव्हापासून पिढ्या बदलल्या, कारभारी बदलले, तरी तिथलं पाणी उताराने मुंबईला पोहोचतंच आहे. जलवाहिनीची देखभाल होते, गळती शोधली जाते, जबाबदार माणूस ठरलेला असतो. त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. संस्था चालवण्याची अक्कल आणि शिस्त इथेच आहे. ती शहरासाठी राबली, पाड्यासाठी राबली नाही. हा फरक कर्तृत्वाचा नाही. मुंबईचा नळ कोरडा पडला तर जाब विचारणारे लाखो आहेत. खरेदी केंद्र उघडलं नाही तर जाब विचारणारा एकटा पडतो.

म्हणून संस्था सुधारायची तर जाब विचारणारे एकत्र यायला हवेत. संपूर्ण शहापूर आणि मुरबाडची काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. 1996 च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. खावटी मिळणार असेल तर कधी, केंद्र कधी उघडणार, पैसे किती दिवसांत जमा होणार, या तारखा महामंडळाने हंगामाआधी ग्रामसभेत सांगाव्यात. ग्रामसभेने त्या इतिवृत्तात लिहून घ्याव्यात आणि चुकलेल्या प्रत्येक तारखेचा खुलासा पुढच्या सभेत मागावा. कसणाऱ्यांची यादीही तिथेच वाचली जावी. नवी योजना आणण्याआधी आहे ती वेळेवर चालली, तरी या पट्ट्यातला शेतकरी आपल्या भाताचा भाव स्वतः ठरवायला थांबू शकेल.